फोनवर मेल येईना? आधी तो कुठे अडकलाय ते शोधा

बेळगावपासून निपाणीपर्यंत आणि खानापूरपासून चिकोडीपर्यंत आता ईमेलशिवाय फारसं काही पुढे सरकत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात नाव घालायचं तर कर्नाटक सरकारच्या यूयूसीएमएस या प्रवेशाच्या पोर्टलवर मोबाईल नंबरसोबत ईमेलही द्यावा लागतो. सीमाभागातली मराठी मुलं महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगला त्यांच्यासाठी असलेल्या वेगळ्या प्रवर्गातून अर्ज करतात, तिथेही ईमेल लागतो. उद्यमबागेतल्या मशिन शॉपची परचेस ऑर्डर मेलवर येते, ड्रॉइंग मेलवर येतं. आणि नेमक्या गरजेच्या दिवशी फोनवर मेल यायचा थांबतो. "मेल येईना झालाय बघा, सगळं करून बघितलो," असं म्हणत फोन पुढे केला जातो.

या 'सगळं करून'मध्ये बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात. फोन बंद करून चालू केलेला असतो, अ‍ॅप काढून परत घातलेलं असतं, आणि शेवटी वैतागून खातंच फोनमधून काढलेलं असतं. पहिल्या दोन गोष्टींनी सहसा बिघडत काही नाही. तिसरी मात्र धोक्याची आहे. पासवर्ड माहीत नसेल तर काढलेलं खातं परत घालता येत नाही, आणि पाच मिनिटांची अडचण आठवडाभराची होते. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने चला. खातं काढायची पायरी मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवली आहे.

पहिली तपासणी: मेल दुसरीकडे उघडा

तुम्हाला पाठवलेला मेल थेट तुमच्या फोनमध्ये येत नाही. तो आधी गूगलच्या, मायक्रोसॉफ्टच्या किंवा तुमच्या कंपनीने घेतलेल्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असलेल्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतो. फोनमधलं अ‍ॅप तिथून तो उचलतं, आणि तुम्ही इथे वाचलं, पुसलं, पाठवलं की ते तिकडे कळवतं. ही दोन्हीकडची जुळवाजुळव म्हणजे सिंक. टपाल गावच्या पोस्टात पोचलंय की नाही हे बघितल्याशिवाय पोस्टमनला दोष देण्यात अर्थ नसतो, तसंच इथे आहे.

तेव्हा एखाद्या कॉम्प्युटरवर किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर क्रोम हा ब्राउझर उघडा. इन्कॉग्निटो विंडो घ्या, म्हणजे तुमचा पासवर्ड तिथे साठून राहणार नाही. मेल डॉट गूगल डॉट कॉम टाकून आपल्या खात्यात जा. आता दुसऱ्या कुणाकडून तरी स्वतःला एक मेल पाठवून घ्या, विषयात 'तपासणी' एवढंच लिहिलं तरी चालेल. मेल इथे दिसला आणि तुमच्या फोनवर दिसला नाही, तर दोष फोनकडे आहे. इथेही दिसला नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये तासभर घालवून काहीच हाती लागणार नाही. बघून झालं की साइन आउट करून ती विंडो बंद करा.

दुसऱ्या ठिकाणी पासवर्ड टाकायला गेलात आणि तो आठवेना, तर इथेच थांबा. ही वेगळीच अडचण आहे आणि आपल्याकडे ती फार पसरलेली आहे. नवा फोन घेताना दुकानातला मुलगा पटकन एक जीमेल खातं काढून देतो. पासवर्ड तोच ठरवतो, कुठे लिहून देत नाही, आणि फोन चालू झाला म्हणून आपणही विचारत नाही. पुढचा फोन घेताना आणखी एक खातं निघतं. मग कॉलेजच्या अर्जात एक पत्ता, बँकेत दुसरा, आणि फोनवर चालू आहे तो तिसराच. जीमेल अ‍ॅपमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, फोनमध्ये कोणकोणती खाती आहेत ते दिसतं. अर्जाची प्रिंट काढून त्यावरचा पत्ता अक्षर अन् अक्षर जुळवा. जीमेलच्या पत्त्यातले टिंब मोजले जात नाहीत, ते असले-नसले तरी मेल त्याच खात्यात येतो. पण एक अक्षर किंवा आकडा इकडचा तिकडे झाला तर मेल परक्या माणसाकडे जातो.

फोनमध्ये खातं अजून चालू आहे आणि पासवर्ड माहीत नाही, अशा स्थितीत त्याच फोनवरून 'फर्गॉट पासवर्ड' करून नवा पासवर्ड ठरवा. खातं ज्या फोनवर आधीपासून चालू आहे, तिथून खात्री पटवणं सोपं जातं. मग सेटिंगमध्ये गूगल, त्यात आपलं खातं, त्यात सिक्युरिटी उघडून रिकव्हरी फोन म्हणून कोणता नंबर आहे ते बघा. कधीच बंद केलेल्या सिमचा नंबर असेल तर आजच बदला. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, आणि तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो.

ब्राउझरमध्येही मेल नसेल तर

जीमेलमध्ये आधी स्पॅम बघा. नोकरीच्या आणि कॉलेजच्या आपोआप जाणाऱ्या मेलांतले बरेच तिथे पडतात, आणि स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. मग 'प्रमोशन्स' आणि 'अपडेट्स' हे कप्पे बघा. तिथेही नसेल तर 'ऑल मेल' उघडा. जीमेल अ‍ॅपमध्ये यादीतला मेल बोटाने बाजूला सरकवला की तो पुसला जात नाही, अर्काइव्ह होतो. इनबॉक्समधून जातो आणि 'ऑल मेल'मध्ये राहतो. बसमध्ये धक्के खात फोन बघताना असं सहज होतं, आणि माणसाला वाटतं मेल आलाच नाही.

यानंतर जागा बघा, कारण आजकाल खरं कारण इथेच निघतं. गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते. ती एकट्या जीमेलची नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये चढणारा प्रत्येक फोटो त्यात धरला जातो. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही पूर्वी मोजला जात नव्हता, आता जातो. लग्नाचे व्हिडिओ, गणपतीचे व्हिडिओ, प्रत्येक ग्रुपवर आलेले सकाळचे फोटो, सगळं त्याच १५ जीबीत. ती भरली की नवा मेल यायचाही थांबतो आणि जायचाही, पाठवणाऱ्याकडे तो परत जातो.

जागा किती भरली ते वन डॉट गूगल डॉट कॉमवर दिसतं. रिकामी करताना मोठ्या वस्तूंपासून सुरुवात करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळा. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत लार्जर लिहून पुढे कोलन, १० आणि एम टाका, १० एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. पुसलेलं 'ट्रॅश'मध्ये जातं आणि तिथेही जागा खातच असतं, म्हणून ट्रॅशही रिकामा करा. फोटो पुसण्याआधी ते कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मुलांचे फोटो परत काढता येत नाहीत.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. जागा भरलेली असताना जे मेल परत गेले, ते जागा रिकामी केल्यावर आपोआप येत नाहीत. ज्यांच्याकडून मेल अपेक्षित होता त्यांना फोन करून परत पाठवायला सांगावं लागतं. प्रवेशाचे किंवा मुलाखतीचे दिवस असतील तर त्याच दिवशी सांगा.

फॉर्म सेवा केंद्रातून भरलेला असेल तर आणखी एक शक्यता तपासा. घाईत केंद्रातल्या माणसाने स्वतःचाच ईमेल टाकलेला असू शकतो. मग मेल त्याच्याकडे येऊन पडलेला असतो. त्यासाठी तिथेच जाऊन विचारायला हवं, आणि पोर्टलवर पत्ता बदलायची सोय असेल तर लगेच बदलून घ्यायला हवा.

सीमेवरची खास अडचण: रोमिंग

मेल ब्राउझरमध्ये आहे, फोनवर नाही. आता फोनकडे वळायचं. पण सेटिंग उघडण्याआधी नेट खरंच चालू आहे का ते बघा. वर रेंजच्या चार काड्या दिसतात म्हणून नेट आहे असं धरू नका, क्रोममध्ये एखादं नवं पान उघडतं का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आधी आलेले मेसेज दिसतात म्हणूनही नेट आहे असं होत नाही.

पुणे-मुंबईच्या माणसाला कळणार नाही असं एक कारण आपल्या भागात आहे. मोबाईलच्या हिशोबात कर्नाटक हे एक सर्कल आहे, आणि मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. बेळगावचं सिम घेऊन तुम्ही बाची ओलांडून शिनोळीच्या कारखान्यात कामाला गेलात, कोगनोळी ओलांडून कागलला गेलात किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात, तर तिन्ही वेळा तुम्ही परक्या सर्कलमध्ये, म्हणजे रोमिंगवर असता. चंदगडचं सिम घेऊन बेळगावात शिकायला आलेल्या मुलाचं उलट होतं. शिवाय हद्दीवरच्या गावांत माणूस घरातून हलत नाही, पण फोन कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा.

अशा वेळी काही फोनवर रेंजच्या काड्यांजवळ इंग्रजी आर अक्षर दिसतं. फोनमध्ये 'डेटा रोमिंग' बंद असेल तर बोलणं चालू राहतं आणि नेट बंद पडतं. मेल घरी येतो, कामावर येत नाही, संध्याकाळी घरी आलं की एकदम सगळे मेल येऊन पडतात. हे लक्षण दिसलं की दुसरं काही शोधूच नका. सेटिंगमध्ये नेटवर्क, मग सिम, त्यात 'डेटा रोमिंग' चालू करा. देशातल्या देशात फिरताना नेहमीच्या प्लॅनमध्ये त्याला वेगळे पैसे साधारणपणे पडत नाहीत, तरी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आपला प्लॅन एकदा वाचून घ्या. परदेशी जाणार असाल तर मात्र निघण्याआधी ते बंद करा, तिथलं बिल भलतंच येतं.

त्याच पानावर नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' आहे का तेही बघा. कुणीतरी एकदा हाताने निवडून ठेवलेलं असेल तर फोन जवळचा चांगला टॉवर सोडून त्याच जुन्या नेटवर्कच्या मागे राहतो.

एक सिम कर्नाटकाचं, एक महाराष्ट्राचं, अशी दोन सिमं इथे अनेकांकडे असतात. नेट कोणत्या सिमवरून चाललंय आणि त्या सिमचं रिचार्ज जिवंत आहे का ते बघा. बीएसएनएलचं सिम नव्या फोनमध्ये घातल्यावर नेट येत नसेल तर सिमच्या सेटिंगमध्ये एपीएनच्या (नेट जोडायला लागणाऱ्या नावाच्या) जागी इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता 'बीएसएनएलनेट' असं असायला हवं.

जांबोटी-कणकुंबीच्या रानात रेंजच नसते, तिथे कुठलंही सेटिंग कामाला येणार नाही. तिकडे जाण्याआधी हॉलतिकीट, पत्ता, ऑर्डर जे काही लागणार आहे ते रेंजमध्ये असतानाच उघडून फोनमध्ये उतरवून घ्या. जीमेल अ‍ॅप सहसा गेल्या ३० दिवसांचेच मेल फोनमध्ये ठेवतं. त्याआधीचा मेल नेट असल्याशिवाय उघडणार नाही.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर असाल तर एकदा वायफाय बंद करून मोबाईल नेटवर बघा. काही वायफाय जोडलेलं दिसतं, पण आधी लॉगिन केल्याशिवाय नेट देत नाही, आणि काही ठिकाणी मेलचा रस्ताच बंद केलेला असतो. फोनमध्ये व्हीपीएन (नेट दुसऱ्या रस्त्याने फिरवणारं अ‍ॅप) घातलं असेल तर तेही बंद करून बघा.

सिंकची बटणं

नेट चालू आहे, तरी मेल नाही. आता सिंक.

जीमेल अ‍ॅप उघडा आणि यादी बोटाने खाली ओढा. 'अकाउंट नॉट सिंक्ड' किंवा सिंक बंद असल्याचा निरोप दिसला तर त्याच्यावरच बोट ठेवून सिंक चालू करता येतं, काम तिथेच संपतं. असा निरोप नसेल तर डावीकडच्या तीन आडव्या रेघा, खाली सेटिंग्ज, आपल्या खात्याचं नाव, आणि खाली सरकत जाऊन 'सिंक जीमेल' या चौकोनात खूण आहे का ते बघा.

हे एक बटण झालं. त्याच्या वर फोनचं स्वतःचं बटण असतं, आणि ते बंद असेल तर खालचं चालू असून काही होत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' शोधा. काही फोनवर ते 'पासवर्ड्स अँड अकाउंट्स' असतं, सॅमसंगवर 'अकाउंट्स अँड बॅकअप', शाओमीवर 'अकाउंट्स अँड सिंक'. तिथे आपोआप सिंकचं बटण चालू हवं. मग आपल्या गूगल खात्यावर बोट ठेवून 'अकाउंट सिंक' उघडा, जीमेलसमोरचं बटणही चालू हवं. बॅटरी वाचते म्हणून कुणीतरी वरचं बटण बंद करून दिलेलं असतं, आणि मग मेलबरोबर कॅलेंडर आणि नंबरही अडकतात. नव्या फोनवर जुने नंबर दिसत नाहीत त्यालाही पुष्कळदा हेच कारण असतं.

फोन कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर अंदाजाने बटणं दाबू नका. त्याच कंपनीचा मराठी किंवा इंग्रजी लावलेला फोन शेजारी धरा आणि ओळींची जागा आणि चित्रं जुळवत पुढे जा. नाहीतर आधी भाषाच बदलून घ्या: सेटिंगमध्ये 'सिस्टीम', त्यात भाषा, तिथे मराठी वर ओढून ठेवायचं. अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनवर पूर्ण फोन कन्नडमध्ये ठेवून एखाद्याच अ‍ॅपची भाषा मराठी करता येते. घरात एकजण कन्नड शाळेत शिकलेला आणि दुसरा मराठी शाळेत, अशा घरात ही सोय फार उपयोगाची आहे.

मेल येतो, पण तासांनी येतो

अ‍ॅप उघडलं की मेल येतात, न उघडता येत नाहीत, अशी तक्रार असेल तर फोन बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅपला झोपवतोय. 'बॅटरी सेव्हर' आणि 'डेटा सेव्हर' दोन्ही बंद करून बघा. फरक पडला तर ते कायम बंद ठेवायची गरज नाही, फक्त मेलच्या अ‍ॅपला सूट द्या. सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात जीमेल किंवा आउटलुक, त्यात 'बॅटरी' उघडून 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. त्याच पानावर मोबाईल डेटामध्ये 'बॅकग्राउंड डेटा' चालू हवा. सॅमसंगवर 'स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत मेलचं अ‍ॅप असेल तर काढा. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी या फोनांवर 'ऑटोस्टार्ट' किंवा आपोआप सुरू होण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. फोन 'स्वच्छ' करणारी आणि 'रॅम वाढवणारी' अ‍ॅप्स मी सरळ काढून टाकायला सांगतो, मेल अडवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नसतो.

मेल वेळेवर येतो पण घंटी वाजत नाही, हे सिंकचं दुखणंच नव्हे. जीमेलच्या त्याच सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' बघा. ते 'हाय प्रायॉरिटी ओन्ली' असेल तर साध्या मेलची घंटी येणार नाही, 'ऑल' करा.

फोनची तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' असू द्या. घड्याळ चुकलं असेल तर सर्व्हर आणि फोन यांच्यातली सुरक्षित जोडणी होत नाही, आणि अ‍ॅप मात्र कारण भलतंच दाखवतं. फोनची स्वतःची मेमरी अगदी भरली असेल तर मेल उतरवायला जागा नसते. प्ले स्टोअरवरून अ‍ॅप अपडेट करा. अजून अडलं तर अ‍ॅपच्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन 'क्लिअर कॅशे' करा, त्याने काही जात नाही. शेजारचं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबण्याआधी आउटबॉक्समध्ये न गेलेला मेल नाही ना ते बघा, तो जाईल.

कंपनीचा मेल: आयमॅप आणि पॉप

उद्यमबाग, मच्छे, शिनोळी इथल्या छोट्या कारखान्यांचा ईमेल बहुधा कंपनीच्या नावाचा असतो आणि फोनमध्ये हाताने घातलेला असतो. इथली सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: मालकाच्या फोनवर ऑर्डर दिसतच नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसते. किंवा सकाळी दिसली, दुपारी गायब.

याचं कारण पॉप. मेल घ्यायच्या दोन पद्धती आहेत. पॉप ही जुनी, १९८० च्या दशकातली पद्धत मेल सर्व्हरवरून उतरवून घेते, आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसूनही टाकते. ऑफिसच्या कॉम्प्युटरने सकाळी नऊला सगळं उतरवून घेतलं की मालकाच्या फोनला सर्व्हरवर काही उरतच नाही. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोन, कॉम्प्युटर सगळीकडे तोच दिसतो. तेव्हा फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे आयमॅप लावा. कॉम्प्युटरवर पॉपच ठेवायचं असेल तर निदान 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय चालू करा. आधी पॉपने उतरवलेले मेल त्या एका कॉम्प्युटरमध्येच आहेत, त्यांची वेगळी प्रत काढल्याशिवाय तिथलं खातं काढू नका. ऑफिस बॉयने कॉम्प्युटर 'साफ' केला आणि कित्येक वर्षांच्या ऑर्डरी गेल्या, असं होऊ शकतं.

हाताने घालताना आकडे असे: येणाऱ्या मेलसाठी आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५, दोन्हीला एसएसएल. जाणाऱ्या मेलसाठी ४६५ किंवा ५८७. सर्व्हरचं नाव तुमच्या मेलची सेवा देणाऱ्याकडून घ्या, अंदाजाने टाकू नका. जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरलाही नाव-पासवर्ड लागतो, तो चौकोन रिकामा राहिला की मेल येतात पण जात नाहीत.

फोनसोबत आलेल्या जुन्या ईमेल अ‍ॅपमध्ये जीमेल घातलं असेल आणि बरोबर पासवर्ड टाकूनही ते 'चुकीचा पासवर्ड' म्हणत असेल, तर तुमचं काही चुकलेलं नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं वैयक्तिक खात्यांसाठी बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांना १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. सोपा उपाय म्हणजे जीमेलला जीमेलचंच अ‍ॅप वापरा आणि आउटलुकला आउटलुकचं. जुनंच अ‍ॅप हवं असेल तर त्या अ‍ॅपमधलं खातं काढून नव्याने घाला आणि गूगलचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं का ते बघा. ते उघडत नसेल तर गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यावा लागतो आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकावा लागतो. पासवर्ड बदलल्यानंतर मेल थांबला असेल तर घरातल्या आणि ऑफिसातल्या प्रत्येक फोनवर नवा पासवर्ड टाकायला विसरू नका.

आयफोन असेल तर

आयफोनच्या स्वतःच्या 'मेल' अ‍ॅपमध्ये फुकट जीमेल खातं असेल तर मेल आल्याक्षणी कळत नाही, फोन अधूनमधून जाऊन आणतो. मेलच्या सेटिंगमध्ये 'फेच न्यू डेटा' उघडा. तिथे 'ऑटोमॅटिकली' असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे मेल आणला जातो. दिवसभर मोबाईल नेटवर फिरणाऱ्या माणसाला म्हणूनच रात्री घरी आल्यावर सगळे मेल दिसतात. ते दर १५ मिनिटांवर ठेवा, किंवा सरळ जीमेलचं अ‍ॅप घ्या. 'लो पॉवर मोड' चालू असेल तरी मेल आणणं थांबतं.

पाठवलेला मेल अडकला तर

आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल बहुधा जड जोडपत्रामुळे अडकतो. जीमेलमध्ये २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते, त्यापेक्षा मोठी असेल तर ड्राइव्हवर चढवून तिची लिंक पाठवावी लागते. मार्कशीटचा फोटो काढून पाठवण्यापेक्षा फोनवरच स्कॅन करून पीडीएफ करा, आकार लहान होतो आणि समोरच्याला वाचताही येतं. कमी रेंजमध्ये अडकलेला मेल परत परत दाबत बसू नका. चांगल्या नेटवर या आणि तो 'सेंट'मध्ये गेला का ते डोळ्याने बघा. 'सेंट'मध्ये दिसेपर्यंत अर्ज पाठवला असं कुणाला सांगू नका, विशेषतः शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी.

मदत घेताना

इंटरनेटवर 'जीमेल कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. गूगल फोन करून कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही. तुमचा फोन दुरून बघू देणारं अ‍ॅप घालायला कुणी सांगितलं तर फोन ठेवा. ईमेल हातात आला की बँकेपासून कॉलेजपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतात, म्हणून चोरांचा डोळा त्यावर असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन करा.

जवळच्या जाणत्याकडे जाताना पडद्यावर आलेल्या निरोपाचा स्क्रीनशॉट घेऊन जा, आणि 'मेल कधीपासून थांबला, त्याआधी काय बदललं' हे आठवून ठेवा. नवं सिम, नवा पासवर्ड, अपडेट, दुकानात दिलेला फोन, यातलं काहीतरी निघतंच. पासवर्ड स्वतःच्या हाताने टाका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

सगळं करून झालं, आता खातं काढायचं

वरचं सगळं झालं आणि मेल ब्राउझरमध्ये येतोय पण फोनवर येत नाही, तरच ही पायरी. आधी चार गोष्टी बघा. पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी टाकून नुकताच चालला आहे. रिकव्हरी नंबरचं सिम हातात आहे आणि त्यावर मेसेज येतोय. आउटबॉक्स रिकामा आहे. आणि कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉमवर तुमचे फोनमधले नंबर दिसत आहेत, कारण खातं काढलं की त्या खात्याचे नंबरही फोनवरून जातात.

मग सेटिंगमध्ये अकाउंट्स, आपलं खातं, 'रिमूव्ह अकाउंट'. सर्व्हरवरचे मेल याने जात नाहीत. फोन बंद करून चालू करा, चांगल्या वायफायवर बसा आणि खातं परत घाला. पहिल्यांदा सगळं उतरायला वेळ लागतो, तेवढा वेळ फोन चार्जिंगला ठेवून शांत बसा. नंतर ब्राउझरमधला सगळ्यात वरचा मेल आणि फोनवरचा सगळ्यात वरचा मेल एकच आहे का ते बघा, एक मेल फोनवरून पाठवून 'सेंट'मध्ये दिसतो का ते बघा, आणि शेवटी नंबरांची यादी उघडून घरच्यांचे नंबर परत आलेत याची खात्री करून घ्या. एवढ्यानेही जमलं नाही तर फोन रिसेट करायच्या भानगडीत न पडता काही दिवस क्रोममधूनच मेल बघा आणि अ‍ॅपच्या पुढच्या अपडेटनंतर परत प्रयत्न करा.